पहिल्या शर्यतीचा खोंड

आमच्या आबांनी मला पळायला शिकवलं ते आसुडानं. शिकवलं म्हणजे काय, पहाटे घराबाहेर काढायचं, उंब्रजच्या दिशेला तोंड करून सडकेवर उभं करायचं आणि मागनं सायकलवर यायचं. एक हात हँडलला, दुसऱ्या हातात आसूड. पाय मंदावला की पोटरीवर आसुडाची वादी बसायची. तोंडानं आवाज नाही. बैलांवरही ते कधी ओरडत नसत. म्हणायचे, वरडतो त्यो गाडीवान कच्चा.

लग्नानंतर बायकोनं पहिल्यांदा माझ्या पाठीला तेल लावलं, तेव्हा तिचा हात मध्येच थांबला.

"आवं, हे काय हाय?"

"साळा," मी म्हणालो.

"लय शिकलाय मग तुमी," असं म्हणून तिनं पुन्हा हात फिरवला. त्यानंतर कधी विचारलं नाही. मला सांगायचं तेव्हा मी सांगितलं, एकदाच नाही, तुकड्या तुकड्यानं, आणि तिनं ते सगळं ध्यानात ठेवलं. शेंगतेल वाटीत कोमट करायची आणि प्रत्येक वळावर अंगठा ठेवून सांगायची, हा अमक्या जत्रेचा, हा तमक्या सुगीचा. मी विसरलेलं तिला माहीत होतं. गेल्या माघात ती गेली. आता पाठ कोरडी पडते. माझा हात मागं पोचत नाही, आणि सुनेला कसं सांगायचं.

तर आबा. नदीकाठाला ऊस होता, पोटाला कमी नव्हतं, भावकीतली निम्मी पोरं लष्करात, मनिऑर्डरी यायच्या. पण आबांचा जीव बैलांच्या शर्यतीत. ऊस तुटो, राहो, छकडा तयार पाहिजे. आणि त्यांचा हात सगळ्यांवर सारखा. बैल, मी, आई. आई भाकरी थापताना एखादी करपली तरी तोच आसूड खुंटीवरनं निघायचा. आईला मारताना मी मध्ये पडलो की मग मला. आई नंतर चुलीकडं तोंड करून बसायची आणि मला म्हणायची, "तू पळ रं. तुला पळायला येतंय तर पळून जा."

मी लहान असताना आबांनी जतकडनं एक खिलार खोंड आणला. पांढरा, शिंगं तासलेली, कातडं असं की माशी बसली तर थरथरायचं. पळण्याआधीच त्याचं नाव झालं. दहा गावची माणसं दात बघायला आली. बायकांनी ओवाळलं. आबांनी त्याला उडदाची डाळ, अंडी आणि आमच्या वाटणीचं दूध घातलं. येईल त्याला सांगायचे, "ह्या साली मैदान आमचं."

पहिल्या शर्यतीला खोंड निम्म्यात चाकोरी सोडून माणसांत घुसला. गाडी शेवटी आली. माणसं हसली. आबांनी त्याला ओढ्यात नेला, बाभळीला आवळून बांधला आणि पिराणीनं मारायला सुरुवात केली. पिराणी म्हणजे काठीच्या टोकाला खिळा. मी कासरा धरून उभा होतो. खोंड पहिल्यांदा ओरडला, मग ओरडायचा थांबला, मग नुसता फुरफुरायला लागला. एक घाव डोळ्यावर बसला. डोळा फुटला तेव्हा आबा थांबले, कारण आता तो विकताना भाव मिळणार नव्हता. कराडच्या बाजारात त्याला खाटकानं नेला. आमच्याकडं म्हणायचे, पहिल्या शर्यतीत मागं पडलेला खोंड दुसरी शर्यत बघत नाही. मी ते डोळ्यानं बघितलं होतं.

दुष्काळ पडून गेला त्याच्या पुढच्या साली मी अकरावी मॅट्रिक कसाबसा पास झालो. शाळांच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो, ते सांगलीच्या एका कॉलेजातल्या जिमखान्याच्या सरांनी बघितलं होतं. सर आमच्या घरी आले. चहा घेतला आणि आबांना म्हणाले, "पोरगं मला द्या. फी, राहणं, जेवण कॉलेज बघेल. असा गडी पहिल्या वर्षाला कुठल्याच कॉलेजात आलेला नाही."

"कितवा यील?" आबांनी विचारलं.

"अहो, हंगाम तर सुरू होऊ द्या."

"पयली शर्यत कवा?"

"दिवाळीच्या आधी. साताऱ्याला, सगळ्या कॉलेजांची."

"मग ऐका. साताऱ्यात पयला आला तर तुमचा. दुसरा आला तरी माजा. माज्याबरूबर त्याच यष्टीनं घरी."

सर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गमतीचा आहे. आतल्या खोलीत आईच्या हातातलं भांडं पडलं. मी हसलो नाही.

विश्रामबागेत कॉलेजचं होस्टेल होतं. मला पहिल्या खोलीत जे पोरगं जोडीला मिळालं ते जतकडचं निघालं. काळा, सडसडीत, कोपरापासून खाली हात दगडासारखे. दुष्काळात वर्षभर सरकारी कामावर त्यानं खडी फोडली होती, आणि कामावर खायला मिळणारी सुकडी घेऊन घरच्या धाकट्यांसाठी पळत गावाला जायचा, पळत परत यायचा. तेच त्याचं पळणं. त्याच्या बापानं सगळ्या वस्तीबरोबर बुद्धाचा धम्म घेतला होता. पहिल्याच दिवशी त्यानं मला ते सांगून टाकलं आणि म्हणाला, "खोली बदलून घ्यायची असंल तर आत्ताच घे गड्या. मी एकदा झोपलो की उठत न्हाई."

मी म्हणालो, "मला झोपंत लाता मारायची सवय हाय."

"मार की. मी बी मारीन."

झालं. त्यानंतर तो माझा जोडीदार. नाव कशाला लिहू. सगळं होस्टेल आम्हाला बैलजोडीच म्हणायचं. मला डावा आणि त्याला उजवा.

आधी निवड झाली कॉलेजच्या मैदानावर. त्या आधीच्या साली जो पहिला आला होता तो शेवटच्या वर्षाचा गडी, मिशीवाला, सगळं होस्टेल त्याला दबून असायचं. आम्ही दोघं त्याला एक फेरा टाकून पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलनी आम्हाला स्टेजवर उभं केलं. सांगलीच्या पेपरात फोटोसकट छापून आलं की ह्या वर्षी साताऱ्याला पहिला आणि दुसरा ह्याच कॉलेजचा. अजून हंगामातली एक शर्यत झाली नव्हती. सर मेसमध्ये आमच्या ताटात वाढायला सांगायचे आणि ओळखीच्या माणसाला बोलवून आमच्या पोटऱ्या दाखवायचे. मला तो खोंड आठवायचा. दात बघायला आलेली माणसं आठवायची.

मिशीवाल्यानं आम्हाला न्हाणीत गाठलं. चौघं होते. पंच्याच्या टोकाला साबणाची वडी बांधलेली. ओला पंचा, त्यात वडी, ती बरगडीवर बसली की श्वास आत जात नाही. मी खाली बसलो आणि गुडघ्यात डोकं घातलं. मार खायची माझी तीच रीत, पाठ पुढं करायची. पण जोडीदार बसला नाही. त्यानं पहिला फटका छातीवर घेतला, पंचा धरून ओढला आणि मिशीवाल्याच्या नाकावर बुक्की घातली. खडी फुटते तसा आवाज आला. मग दुसऱ्याच्या कानाला त्यानं दातानं धरलं. न्हाणीतलं पाणी तांबडं झालं. चौघं पळाले. त्यातला एक घसरून पडला, त्याचा दात हौदाच्या कडेला लागून तुटला.

जोडीदार मग माझ्याकडं वळला. मी अजून तसाच बसलेलो, उघड्या पाठीनं.

"हे कुणाचं काम?"

"आबांचं."

त्यानं वाकून वळ बघितले. "एवढं झाल्यावर तू साबणाला भितोस व्हय रं?" आणि हसायला लागला. त्याच्या दातांना रक्त होतं. मलाही हसू आलं. बरगडी दुखत होती, तरी आलं.

पण माझ्या पळण्यातली खोट त्याला कळली. सरांना कळली नव्हती. शेवटचा फेरा आला की मी मंदावायचो. दम असायचा, पाय असायचे, पण मागनं काही येत नाही म्हटल्यावर अंग सुटायचं. एका सकाळी मैदानावर तो मागनं आला आणि चेष्टेनं जिभेनं वादीसारखा आवाज काढला. च्याट. मी असा सुटलो की मला काही दिसेना. दोरीच्या पार जाऊन थांबलो तेव्हा माझी चड्डी ओली झाली होती. तो हसत जवळ आला. मी त्याच्या गळ्यावर मारलं. तो पडला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारतच राहिलो. त्याला हात उलटा टाकता आला असता, त्यानं टाकला नाही. मी दमल्यावर म्हणाला, "झालं? आता मागं कुणी न्हाई. मी बाजूला पळंन."

त्या दिवसापासून तो माझ्या बाजूला पळायला लागला. त्यांच्या गावात निम्मी बोली कानडी. पळताना तो तोंडातल्या तोंडात मोजायचा, ओंदू, यरडू, मूरू, नाकू, आणि पुन्हा ओंदू. पावलाला एक. आठ-पंधरा दिवसांत मीही त्यावर पळायला लागलो. मागं काही ऐकायचं कारण राहिलं नाही, बाजूला मोजणी चालू असायची. सर घड्याळ बघायचे आणि मांडीवर थाप मारायचे. मला पहिल्यांदा वाटलं की मी घरी जाणार नाही.

साताऱ्याला निघालो. एसटीत तो खिडकीला, मी कडेला. कराड गेलं, उंब्रज आलं. आमच्या गावच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा मी मान खाली घातली. तो म्हणाला, "एक बोलू? मला पयलं यायची गरज न्हाई. दुसरा आलो तरी माजं जेवान चालू ऱ्हातंय. मी शेवटाला मागं ऱ्हातो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. भरल्या एसटीत. बायका वळून बघायला लागल्या. कंडक्टर म्हणाला, "ए पोरांनो, खाली उतरा आणि मग मारामारी करा."

"भीक घालतोस?" मी म्हणालो.

"न्हाई," त्यानं गाल चोळला. "मग पळून दाखवीन. मग रडू नगंस."

मैदान अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला होतं. मुरूम टाकलेला, चुन्याच्या रेघा, कडेनं सुतळीची दोरी. आबा आलेच होते. भावकीतली पाच-सहा माणसं बरोबर. धोतर, पटका, गळ्यात आसूड अडकवलेला. शर्यतीला जाताना ते आसूड घेतल्याशिवाय जात नसत, आणि त्यांच्या लेखी ही शर्यतच होती. कमरेला गुलालाची पुडी. जिंकल्याशिवाय पुडी दाखवू नये अशी आमच्याकडं रीत, म्हणून ती धोतरात खोचलेली, पण फुगवटा दिसत होता. त्यांनी माझ्या पोटऱ्या चाचपल्या. मग जोडीदाराकडं बघितलं.

"कुठला रं?"

"जतकडचा."

"कुणाचा?"

त्यानं वस्तीचं नाव सांगितलं. तेवढ्यावर आबांना सगळं कळलं. "जतकडची खोंडं पळत्यात," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्याच्या मागं आलास तर बाभळ ठावं हाय न्हवं?"

पाच हजार मीटर. गोळी सुटली. निम्म्या शर्यतीपर्यंत मोठा घोळका होता, मग चौघं, मग आम्ही दोघंच. ओंदू, यरडू, मूरू, नाकू. मी आतल्या बाजूला, तो बाहेरच्या. एवढं सोपं पळणं मी त्याआधी पळालो नव्हतो आणि त्यानंतर नाही. शेवटच्या फेऱ्याची घंटा झाली. पलीकडच्या अंगाला, जिथं पंच कुणी उभे नव्हते, तिथं तो माझ्या एक हात पुढं निघाला. सांगितल्याप्रमाणं पळून दाखवत होता.

आणि आबा दोरीखालनं आत आले.

त्यांना ते वावगं वाटलं नाही, हे मी आजही सांगतो. बैलांच्या शर्यतीत गाडीबरोबर माणसं पळतात, हाकतात, मारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा खोंड मागं पडत होता. ते माझ्या मागं पळायला लागले, त्या वयाला, पटका सुटलेला, आणि पहिला फटका माझ्या पोटरीवर आला.

पाय माझे राहिले नाहीत. मी जोडीदाराला कधी मागं टाकलं मला समजलं नाही. दुसरा फटका मांडीवर. डोळ्यांपुढं पांढरं झालं. मी पुढं होतो. पुढं फक्त चुन्याची रेघ होती, आणि ती ओलांडली की आसूड संपला. आसुडानंच मला आसुडातनं सोडवलं असतं. मला बरं वाटलं.

मग मागनं मोजणी ऐकू यायला लागली. ओंदू, यरडू. जवळ येत होती. मूरू. त्यावर वादीचा आवाज झाला आणि माझ्या अंगावर काहीच पडलं नाही. मोजणी तुटली.

मी वळून बघितलं. जोडीदाराचा बनियन खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता. मधनं कातडं उघडं, त्यावर तांबडी रेघ, आणि रेघेतनं थेंब निघत होते. तो अडखळला, गुडघ्यावर गेला, उठला. आबांनी पुन्हा आसूड उचलला होता. तोंडातनं आवाज नाही.

आता, बैलांच्या मैदानात शंभर लबाड्या चालतात. शेपटी चावतात, दारू पाजतात. पण दुसऱ्याच्या बैलाला आसूड लावायचा नाही. ज्यानं लावला त्याचा छकडा माणसं जागेवर मोडतात. हे मला आबांनीच शिकवलं होतं, आसुडानंच शिकवलं होतं.

मी थांबलो. जोडीदार माझ्या बाजूनं पुढं गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, थांबला नाही. बरं केलं. पुढचा फटका त्याच्यासाठी होता, तो मी आडवा हात घालून घेतला. वादी तळहाताभोवती गुंडाळली गेली, हाडापर्यंत चिरत गेली. मी मूठ मिटली आणि ओढली.

आबा तोंडावर आपटले. मुरमात घसरत आले. धोतरातली गुलालाची पुडी फुटली आणि छाती, दाढी, मुरूम सगळं लालेलाल. कडेच्या माणसांत एकच ओरडा झाला, मेला, मेला म्हणून. मी त्यांच्या डोक्याशी उभा, आसूड माझ्या हातात, दांडा वर. आबांनी तोंड झाकलं नाही. खालनं माझ्याकडं बघत होते, दात बघतात तसे.

"मार की," ते म्हणाले. "थांबलास कशाला? थांबायचीच सवय लागली व्हय तुला?"

मी मारलं असतं. पण तेवढ्यात पलीकडं रेघेपाशी आरडाओरडा झाला. जोडीदारानं रेघ ओलांडली होती आणि भावकीतली माणसं त्याच्यावर तुटून पडली होती. एकानं केस धरलेले, दोघं लाथा घालत होते, आणि तोंडात त्याच्या वस्तीवरनं शिव्या. तो खालनं बुक्क्या मारत होता.

उरलेलं अंतर मी पळालो. ते कुणी घड्याळात घेतलं नाही. माझ्या मागं कुणी नव्हतं, बाजूला कुणी नव्हतं, आसूड माझ्याच हातात होता. आयुष्यात मी सगळ्यात जोरात तेवढंच पळालो. पोचल्या पोचल्या सख्ख्या चुलत्याच्या खांद्यावर वादी मारली. सदरा फाटला. दुसऱ्याच्या तोंडावर मारली, त्याची भुवई उकलली. तिसऱ्यानं मला कमरेत धरून आपटलं, मग जोडीदार त्याच्यावर पडला. दुसऱ्या कॉलेजची पोरंही घुसली, कोण कुणाला मारतंय ते कुणाला माहीत नव्हतं. पोलिसांनी शिट्ट्या फुंकत लाठ्या चालवल्या तेव्हा माणसं पांगली.

पंचांनी निकाल सांगितला. पहिला जोडीदार. मी बाद. सर माझ्यासमोर आले, मला वाटलं मारतील. म्हणाले, "अरे, थांबलास कशाला मूर्खा? पुढं होतास." मग माझा हात बघितला, स्वतःचा रुमाल काढून बांधला आणि म्हणाले, "तू चल सांगलीला. प्रिन्सिपॉलना मी समजावतो. तुझ्या बापाचं ऐकायचं काही कारण नाही."

खरं म्हणजे नव्हतंच. आबा लंगडत आले, पटका गोळा करून काखेत, सगळे गुलालात. काहीच झालं नसल्यासारखं म्हणाले, "चल. यष्टीची येळ झाली."

जोडीदार माझ्याकडं बघत होता. त्याच्या पाठीला कुणीतरी ओलं फडकं लावलं होतं. "जाऊ नगंस," तो म्हणाला. "येडा हायस का? मारून टाकत्याल."

मला तेव्हा फार विचार करता आला नाही. दोन गोष्टी समोर होत्या. आसूड माझ्या हातात होता, आणि आई घरी होती. मी सांगलीला गेलो असतो तर आबा घरी जाऊन नवा आसूड वळून घेणार, आणि त्याचा पहिला फटका कुणाला, हे मला माहीत होतं.

"येतो," मी आबांना म्हणालो. "पर ह्यो आसूड माज्याकडं ऱ्हाणार."

ते एसटीकडं चालायला लागले.

एसटीत ते खिडकीला बसले, मी कडेला. वादी मुठीभोवती गुंडाळलेली, दांडा मांडीवर. भावकीतलं कुणी आमच्या बाकाजवळ आलं नाही. कंडक्टर तिकीट द्यायला आला, आबांचा अवतार बघून हसला.

"गुलाल? जिंकला वाटतं?"

"व्हय," आबा म्हणाले.

"कोण, ह्यो पोरगा का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीबाहेर. "न्हाई. त्यो जतकडचा."

घरी आई दारात होती. तिनं आबांकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं.  माझ्या मुठीतनं वादी हळू सोडवली, विळीवर दांड्यापासनं कापली आणि चुलीत घातली. कातडं जळायचा वास घरभर सुटला. भाकरीला लागला, कांबळ्याला लागला. आबा ओसरीवर बसून होते. आई आतनं म्हणाली, "जेवायला या." त्यांनी त्या वासातच भाकरी खाल्ली.

त्यानंतर आबांनी हात उचललाच नाही असं नाही. दोनदा उचलला. दोन्ही वेळा मी उभा राहिलो आणि दोन्ही वेळा तो खाली आला. तिसऱ्यांदा उचलला नाही. मी कॉलेजला परत गेलो नाही. ऊस केला, साखर कारखान्यात हंगामाला काटा सांभाळला. जोडीदार सांगलीहून लष्करात गेला, सुभेदार होऊन आला, मूळ गावी घर बांधलं. वर्षातनं दोन-तीनदा यायचा. बायकोनं लग्न होऊन आल्यावर कोपऱ्यातला दांडा बघितला, म्हणाली, "चांगला लांब हाय," आणि त्याला आकडी बांधून शेवग्याच्या शेंगा काढायला घेतला. आबांच्या देखत. आबा त्या शेंगांचं कालवण चोखून खायचे.

जोडीदार आला की चहाला बसल्यावर एकच विषय. तो म्हणायचा, तू थांबला नसतास तरी मीच पयला आलो असतो. मी म्हणायचो, माझ्या मागं होतास. तो म्हणायचा, आसूड पडला म्हणून मागं होतो. मी म्हणायचो, मला पण पडला होता. दोघं म्हातारे होईपर्यंत हे चाललं. आवाज चढला की बायको आतनं यायची, पदराला हात पुसत.

"दोघंबी गप च्या प्या," म्हणायची. "आता वढा वलांडाय येतोय का बगा दोघांस्नी, मग ठरवा पयला कोण."

तिच्या दहाव्याला तो आला. गुडघे गेलेत त्याचे. नदीच्या घाटाच्या पायऱ्या मी त्याला हात धरून उतरवल्या. पायरीला एक, असं तो तोंडातल्या तोंडात मोजत होता, ओंदू, यरडू, मूरू, नाकू. सगळं झाल्यावर घरी येऊन बसलो. सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. कपातल्या चहावर साय धरली. मग त्यानं माझ्या तळहातावरच्या खुणेकडं बघितलं आणि मला बोलतं करायला म्हणून म्हणाला, "तू थांबला नसतास तरी मीच पयला आलो असतो गड्या."

"माज्या मागं हुतास," मी म्हणालो.

"आसूड पडला म्हणून."

"मला बी पडला हुता. दोनदा."

आवाज चढला होता. आम्ही दोघंही थांबलो आणि आतल्या दाराकडं बघितलं. दार उघडंच होतं. कुणी आलं नाही. मग त्यानं कप उचलला, मीही उचलला. चहा गार झाला होता. आम्ही गप पिऊन टाकला.